बंदूक मिळाली, पण तिची स्प्रिंग?

रेकॉर्डिंग खडवलीच्या घरूनच आहे, मध्येच कसारा लोकलचा भोंगा वाजला तर सांभाळून घ्या.

इंग्रजांकडे चकमकीच्या बंदुका आल्यावरही मराठी फौजांत तोड्याच्या बंदुका इतकी वर्षं का टिकल्या? ‘आपण मागासलेलो होतो’ हे उत्तर मला पटत नाही. माझं लक्ष आधी स्प्रिंगकडे जातं.

तोड्याच्या बंदुकीत जळती वात एका आकड्यात धरलेली असते. चाप ओढला की वात रंजकीला टेकते आणि बार उडतो. यात स्प्रिंग असलीच तर हलकी, आकडा मागे ओढण्यापुरती. मोडली तरी गावचा लोहार पट्टी वाकवून देईल.

चकमकीच्या बंदुकीत मात्र तीन स्प्रिंगा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दुमडलेल्या. मोठी स्प्रिंग घोडा जोरात फेकते, म्हणजे त्याच्या तोंडातला दगड पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या पडतात. दुसरी ती पट्टी रंजकीवर मिटून धरते. तिसरी चापाची खिट्टी खाचेत दाबून ठेवते. मोठी ढिली पडली की ठिणगी कमजोर. समोरून घोडदळ येतंय आणि तुमच्या हातात नुसती काठी!

बरं, नवीन बसवायची म्हटलं तर? पोलाद ठोकून आकार द्यायचा, लालबुंद तापवून तेलात बुडवायचं. आता ते काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं. म्हणून घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हळूहळू तापवायचं. आधी गवती पिवळा रंग येतो, मग जांभळा, मग निळा. साधारण ३०० अंशांच्या आसपास, निळ्यावर थांबायचं. अलीकडे थांबलात तर तुटेल, पलीकडे गेलात तर दाबल्यावर परत उसळणारच नाही. थर्मामीटर नाही, सगळा डोळ्यांचा अंदाज. पोलादाला ‘पाणी देणं’ म्हणतात ते हेच.

एवढं करूनही ती दुसऱ्या बंदुकीत बसेलच असं नाही. प्रत्येक चाप कानशीने त्याच्यापुरता जुळवलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मशीनवर वेगळं व्हर्जन! पॅरिसजवळ होनोरे ब्लां नावाचा कारागीर एकसारखे भाग बनवत होता. १७८५ मध्ये थॉमस जेफरसनने त्याच्याकडे हाताला येतील ते सुटे भाग उचलून चाप स्वतः जोडून पाहिले आणि तो थक्क झाला. हे तेव्हा युरोपातही नवल होतं.

आता आपल्याकडे या. १७८० मध्ये कंपनीने कल्याण घेतलं. खाडीने मुंबई जवळ, म्हणजे कोठार आणि कारागीर दोन्ही हाताशी. घाटावरच्या शिपायाने अशी बंदूक लढाईत मिळवली तरी स्प्रिंग मोडल्यावर त्याने कुणाकडे जायचं? त्याच्यासाठी तोडाच शहाणपणाचा होता, असं माझं मत.

महादजी शिंद्यांना ही अडचण नेमकी कळली होती असं मला वाटतं. कारण द बॉयन्यच्या पलटणींना त्यांनी नुसत्या बंदुका पुरवल्या नाहीत. आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली कारखानाच उभा राहिला. तोफा, बंदुका तिथेच घडू लागल्या, म्हणजे पोलादाला पाणी देणारे हातही तिथेच तयार झाले. ऑक्टोबर १८०३ मध्ये जनरल लेकने आग्र्याचा किल्ला घेतला आणि शिंद्यांच्या हातून तेही गेलं.