नवा संगणक आणि जुन्या टेप

या मालिकेत आपण एरवी लढाया, किल्ले आणि पलटणी यांचा इतिहास पाहतो. आजचा विषय वेगळा आहे आणि तो तुम्हीच दिलेला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. त्याच्या आगेमागे इंदूर, बडोदा, भोपाळ, हैदराबाद अशा ठिकाणांहून बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "कर्नलसाहेब, नवा लॅपटॉप घेतलाय. आजोबांच्या आठवणी, आमच्या इथल्या गणेशोत्सवाचा इतिहास असं काहीतरी करायचंय. व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

एक नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग पुढची सिस्टिम आली की तुम्ही हाच प्रश्न घेऊन परत याल. म्हणून आधी इतिहास सांगतो, नावं नंतर. आणि त्याच्याही आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

२०११ साली मी डेहराडूनला होतो. १९७१ च्या युद्धात लढलेले एक सुभेदारसाहेब तिथून काही तासांवरच्या एका गावात राहत होते. दोन दिवस त्यांच्या अंगणात बसून मी त्यांच्याशी बोललो. सहा मिनी-डीव्ही टेप भरल्या. साहेब हिंदीत सुरुवात करायचे आणि रंगात आले की गढवालीत शिरायचे. नंतर ते महिनाभर मुलाकडे डेहराडूनला आले, तेव्हा रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून एकेका गढवाली शब्दाचा अर्थ सांगायचे आणि मी तो पडद्याखाली टाइप करायचो. दोन तासांची सुरेख फिल्म तयार झाली. पलटणीच्या मेळाव्यासाठी त्यातली बारा मिनिटं काढून दिली. पूर्ण फिल्म मात्र 'अजून थोडी दुरुस्ती करू' म्हणत प्रोजेक्टमध्येच ठेवली.

तीन वर्षांनी संगणकाने विचारलं, नवी सिस्टिम घ्यायची का? मी 'हो' म्हणालो. दुसऱ्या दिवशी एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. सुभेदारसाहेब २०१६ मध्ये गेले. त्यांच्या नातीचा फोन आला, दादाजींची सगळी गोष्ट तुमच्याकडे आहे ना? माझ्याकडे प्रोजेक्टची फाइल होती. ती कशानेच उघडत नव्हती.

यात लाज वाटण्याजोगी गोष्ट अशी, की हा धडा मी नोकरीत शिकलेला होतो. आमच्या वेळी एसएलआर जाऊन इन्सास रायफल आली. एसएलआरची गोळी ७.६२ मिलिमीटरची, इन्सासची ५.५६ मिलिमीटरची. जुनं काडतूस नव्या रायफलीत चालत नाही. म्हणून नवा दारूगोळा, नवी मॅगझिनं, नवं प्रशिक्षण हे सगळं जुळल्याशिवाय कुणी जुनी रायफल जमा करत नाही. हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाने घरी बसून एका बटणावर जुनं हत्यार जमा करून टाकलं.

आता इतिहासाकडे वळू.

संगणकाच्या मदतीने एडिटिंग करण्याची सुरुवात १९७१ च्या सुमाराची. सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सीएमएक्स ६०० नावाचं यंत्र बनवलं. या घराण्यातल्या यंत्रांनी एक साधी गोष्ट रूढ केली: एडिटिंगच्या निर्णयांची यादी, म्हणजे ईडीएल. कोणती टेप, कुठून कुठपर्यंत घ्यायची आणि तयार फिल्ममध्ये कुठे बसवायची, एवढंच त्यात साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. पुढे आलेल्या सीएमएक्स ३६०० या यंत्राच्या यादीचा साचा आजचं प्रीमियर आणि आजचं दा विंची रिझॉल्व्ह अजूनही वाचतं. यंत्रं कधीच भंगारात गेली, यादी टिकली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येणार आहे.

१९८९ मध्ये ॲव्हिड आलं, डिसेंबर १९९१ मध्ये ॲडोबी प्रीमियर. दोन्ही सुरुवातीला ॲपलच्या मॅकिंटॉशवर चालायची. प्रीमियरच्या पहिल्या आवृत्त्यांमागे रँडी उबिलोस हा इंजिनिअर होता. पुढे त्यानेच दुसऱ्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर रचायला घेतलं, ते १९९८ मध्ये ॲपलने विकत घेतलं आणि १९९९ मध्ये फायनल कट प्रो म्हणून बाजारात आणलं. वॉल्टर मर्च यांच्यासारख्या नामवंत संकलकाने 'कोल्ड माउंटन' हा २००३ चा चित्रपट त्यावर एडिट केला, तेव्हा घरच्या टेबलावरचं सॉफ्टवेअर मोठ्या पडद्यालाही चालतं, हे जगाला पटलं.

पण त्याच २००३ मध्ये उलटी गोष्टही घडली. प्रीमियर नव्याने लिहून प्रीमियर प्रो झालं आणि ते फक्त विंडोज एक्सपीवर चालू लागलं. ज्या मॅकवर प्रीमियर जन्मलं, तिथूनच ते उठलं. मॅकवर ते परत आलं २००७ मध्ये, तेही इंटेल प्रोसेसर असलेल्याच मॅकवर. कारण मधल्या काळात, २००६ पासून, ॲपलने प्रोसेसरच बदलायला घेतला होता. जुने प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर चालावेत म्हणून रोझेटा नावाचा दुभाषा दिला होता. २०११ च्या लायन या सिस्टिममध्ये तो दुभाषाही काढून घेतला.

२०११ हेच वर्ष आणखी एका मोठ्या बदलाचं. २१ जूनला फायनल कट प्रो टेन आलं. नाव जुनं, सॉफ्टवेअर पूर्ण नवं. फायनल कट ७ चे प्रोजेक्ट ते उघडतच नव्हतं. व्यावसायिक संकलकांनी मोठा आरडाओरडा केला. पुढे एका छोट्या कंपनीने जुनं काम नव्यात नेणारा प्रोग्रॅम काढला, पण त्याला एक अट होती: जुन्या सॉफ्टवेअरमधून तुमचं काम एक्सएमएल या मजकुराच्या रूपात बाहेर काढलेलं हवं. ज्यांच्याकडे जुनं सॉफ्टवेअर चालू होतं, ते पूल ओलांडून गेले. ज्यांनी ते आधीच गमावलं होतं, ते अलीकडे राहिले.

हे सगळं कंपन्यांचा लहरीपणा म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे एक खरी अडचण होती. जुने प्रोग्रॅम ३२-बिटचे होते. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते लिहिता येतात, म्हणजे तो प्रोग्रॅम फार तर ४ जीबी मेमरी वापरू शकतो. आता फोर-के चित्राचा हिशेब करा. एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एक चित्र साधारण ३३ एमबीचं. सेकंदाला २५ चित्रं. पाच सेकंदांत ४ जीबी भरलं. टेपच्या काळात हे पुरत होतं, कारण आपल्याकडच्या डीव्ही चित्राची रुंदी-उंचीच ७२० बाय ५७६. मोठं चित्र आलं आणि खोली अपुरी पडली. प्रीमियर २०१० मध्ये फक्त ६४-बिटचं झालं. ॲपलने ७ ऑक्टोबर २०१९ च्या कॅटलिना सिस्टिममध्ये ३२-बिट प्रोग्रॅमना दारच बंद केलं. फायनल कट ७ ला तर त्याच्या दोन वर्षं आधीच्या हाय सिएरापासूनच आधार नव्हता. कॅटलिनाबरोबर व्हिडिओ साठवण्याच्या काही जुन्या पद्धतीही गेल्या, म्हणजे सॉफ्टवेअर नवं घेतलं तरी जुनी फाइल आधी रूपांतरित करून घ्यावी लागली.

विंडोजवाल्यांनी हसू नये. मूव्ही मेकर आठवतंय ना? २००० मध्ये विंडोज एमईसोबत आलं, एक्सपीमुळे घरोघरी पोचलं. २००९ च्या विंडोज ७ मधून ते काढलं आणि वेगळं डाउनलोड करायला लावलं. १० जानेवारी २०१७ ला तेही बंद. आज विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प आहे, पण मूव्ही मेकरचा जुना प्रोजेक्ट त्यात उघडत नाही. मुलीच्या बारशाची फिल्म कुणी नुसती प्रोजेक्ट म्हणून ठेवली असेल, तर त्याची गत माझ्यासारखीच.

या सगळ्या पडझडीत तरलं कोण? 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट घ्या. २०२० मध्ये त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तो फायनल कट ७ वर एडिट झाला होता, म्हणजे विक्री थांबून कित्येक वर्षं झालेल्या सॉफ्टवेअरवर. त्यासाठी लागणारी जुनी सिस्टिम जपून ठेवली, की जुनं सॉफ्टवेअर काम देतं. नवं घेणं ही सक्ती नसते. कधी घ्यायचं, हे आपण ठरवायचं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सॉफ्टवेअर निवडताना मी या क्रमाने जातो.

पहिलं: सिस्टिम बदलण्याआधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या पानावर जाऊन सिस्टिमचा नेमका क्रमांक बघा. 'विंडोजवर चालतं' हे उत्तर नव्हे. कोणतं विंडोज, किती मेमरी, कोणतं ग्राफिक्स कार्ड, हे बघा. मॅक असेल तर एक गोष्ट जास्त बघा. २०२० पासून ॲपलने पुन्हा स्वतःचे प्रोसेसर आणले आणि पुन्हा रोझेटा नावाचाच दुभाषा दिला. तोही कायमचा नाही, हे ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकलंय. तेव्हा नव्या प्रोसेसरसाठीच लिहिलेलं सॉफ्टवेअर घ्या.

दुसरं: विकत घेण्याआधी मोफत किंवा चाचणीची आवृत्ती उतरवा आणि आपल्याच फोनवरचा पाच मिनिटांचा व्हिडिओ त्यात घालून बघा. टाइमलाइनवर अडखळतो का? आवाज आणि ओठ शेवटपर्यंत जुळतात का?

तिसरं, आपल्या मराठी माणसांसाठी: शीर्षकात 'राष्ट्र', 'ज्ञानेश्वर', 'किल्ला' असे तीन शब्द टाइप करा. जोडाक्षरं फुटली किंवा 'कि'ची वेलांटी अक्षराच्या मागे गेली, तर ते सॉफ्टवेअर किंवा त्यातली ती सेटिंग आपल्या कामाची नाही. प्रीमियरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडताच बरेच जण सॉफ्टवेअरला नावं ठेवतात.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाहेर पडायची वाट आहे का? ईडीएल किंवा एक्सएमएल काढता येतं का? खालची अक्षरं वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये मिळतात का? ती फाइल म्हणजे साधा मजकूर, कुठल्याही संगणकावर उघडतो.

आता नावं. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर काम देते. संगणक साधा असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर बघा. या दोघांची प्रोजेक्ट फाइलच एक्सएमएल मजकुराची असते, म्हणजे उद्या ती सॉफ्टवेअर नसली तरी कुठला तुकडा कुठे होता हे निदान वाचता येईल. छोट्या कामाला क्लिपचॅम्प किंवा मॅकवरचं आयमूव्ही पुरतं. यातलं काहीही घ्या, पण काम संपलं त्याच दिवशी चार गोष्टी दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा: मूळ चित्रीकरण, तयार फिल्मची एमपी४ फाइल, एसआरटी आणि निर्णयांची यादी. प्रोजेक्ट फाइल ही पाचवी. तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

आणि ज्यांच्या कपाटात डीव्ही टेप पडल्यात, त्यांनी हे काम पुढच्या सुटीवर ढकलू नये. त्या टेप फायरवायरच्या तारेने संगणकात उतरतात आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधार गेलाय. जुना चालता संगणक कुणाकडे असेल, तर तो विकण्याआधी टेप उतरवून घ्या. एका तासाच्या टेपला १३ जीबी जागा धरा.

माझ्या सहाही टेप सुदैवाने शाबूत होत्या. एका मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर त्या उतरवल्या आणि अख्खा हिवाळा बसून फिल्म पुन्हा जोडली. २०१७ मध्ये सुभेदारसाहेबांच्या घरी ती पोचवली. नातीने सगळी बघितली. पण खालच्या अक्षरांत तीन जागा मी रिकाम्या सोडल्या आहेत. साहेब तिथे गढवालीत काही बोलतात आणि हसतात. गावातल्या म्हाताऱ्यांना ऐकवलं, त्यांच्या मुलाला ऐकवलं, नीट कुणालाच लागलं नाही. २०११ मध्ये साहेबांनी स्वतः मला त्याचा अर्थ सांगितला होता आणि मी तो टाइपही केला होता. ती फाइल अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या भागात आपल्या नेहमीच्या वाटेवर परत येऊ. तोपर्यंत कपाट उघडा आणि टेप मोजा. जय हिंद.