वडापची जीप, 1:35

गेले चार वीकेंड एक जीप कापतोय. प्लास्टिकची. टामिया या जपानी कंपनीचं 1:35 मापाचं विलीज एमबीचं किट. बॉक्सवर अमेरिकन सैनिक, आत हिरवं प्लास्टिक, जेरीकॅन, फावडं, कुऱ्हाड. मला मात्र हवी होती आमच्या नानांची (चुलते) वडापची जीप, जुन्नर-आपटाळे रूटवरची. तिचं किट शोधून थकलो, शेवटी घेतली करवत.

सुरुवातीला वाटलं, रंग बदलला, की झालं. कसलं काय! एमबीच्या जाळीला नऊ फटी, काच दोन तुकड्यांत, स्टेअरिंग डावीकडे, स्टेपनी मागे. यातलं काहीच चालेना. आणि मोठी अडचण लांबीची. एमबीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 80 इंच, नानांची एमएम540 होती 91 इंची. 11 इंच भागिले 35, म्हणजे बरोब्बर 8 मिलिमीटर. सीटच्या मागे बॉडी कापून 8 मिलिमीटरची पट्टी घातली. बॉनेट प्लास्टिक शीटचे थर देऊन उंच केलं.

हे करताना एक गोष्ट लक्षात आली आणि जाम गंमत वाटली. मी टेबलावर जे करत होतो, तेच महिंद्राने आधी केलंय! 1945 साली स्टीलच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात झाली. जोडायला, बनवायला नाही. अमेरिकेहून सुटे भाग खोक्यांत भरून यायचे आणि इथे नटबोल्ट आवळायचे. म्हणजे भारतातली जीपसुद्धा मुळात किटच.

मग त्यात बदल सुरू झाले. स्टेअरिंग उजवीकडे आलं. विलीजच्या सीजे-3बीचं बॉनेट उंच, कारण तिचं हरिकेन इंजिनच उंच होतं. अमेरिकेत ते मॉडेल 1968 मध्ये बंद झालं, आपल्याकडे त्याचा वंश पुढे कित्येक वर्षं चालला. नंतर गाडी लांब केली, पेट्रोलच्या जागी प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, आणि 1985 ला एमएम540. आमच्या भाषेत सांगायचं तर ओरिजिनल प्रोजेक्ट बंद पडला, फोर्क जिवंत राहिला.

पण फोर्क तिथेही थांबला नाही. पुढचं कस्टमायझेशन नारायणगाव-मंचरच्या गॅरेजमध्ये झालं, आणि त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. मागचं फाटक काढून टाकायचं, समोरासमोर बाकडी बसवायची, टपावर पाइपचं कॅरियर. उन्हाळ्यात त्यावर बाळहिरड्याची पोती. एसटी दिवसातून मोजक्या वेळा, आणि बाजाराचा दिवस, बाळंतीण किंवा घोडेगावची कचेरी तिच्यासाठी थांबत नाही. कायद्याने वाटेत माणसं चढवत-उतरवत न्यायची, म्हणजे टप्पा वाहतूक, ती एसटीची. जीपने तसं करणं बेकायदा. तरी सगळे करायचे, कारण डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना दुसरं होतं काय? (हे मी उदात्त वगैरे करत नाहीये. ड्रायव्हर अर्ध्या सीटवर, एक मांडी बाहेर, अशा गाडीतून मी घाट उतरलोय. आज माझ्या मुलीला बसवणार नाही.)

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. त्यामुळे त्यांची किट शेकड्यांनी निघतात, कुठला बोल्ट कुठल्या महिन्यात बदलला याची पुस्तकं आहेत. नानांच्या जीपचे मात्र माझ्याकडे दोनच फोटो, त्यातला एक लग्नातला, हारांमागे निम्मी गाडी झाकलेली. डॅशबोर्ड कसा होता हे आठवून बनवलाय. गियरचा दांडा दोनदा चुकला.

परवा व्हिडिओ कॉलवर नानांना मॉडेल दाखवलं. त्यांनी मोबाइल जवळ धरून बराच वेळ बघितलं. मला वाटलं गहिवरले.

"आरं, मागची फळी कुठंय?"

"कसली फळी, नाना?"

"पाय ठिवायची. किन्नर आन् चार माणसं कुठं उभी राहनार? तुझ्या डोक्यावर?"

खरंच विसरलो होतो. फोटोत ती बाजूच नाही. आता रुंदी किती होती विचारलं, तर म्हणाले, "येक वीत आन् चार बोटं." बसलोय हिशोब करत, नानांची वीत भागिले 35.