गॅझेटात आले म्हणजे

15 मार्च 1802 रोजी कोलंबोतून ‘सिलोन गव्हर्नमेंट गॅझेट’चा पहिला अंक निघाला. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, किनारपट्टीचा धनी नुकताच बदलला होता. 1796 च्या फेब्रुवारीत डचांनी कोलंबो इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर किनारपट्टीचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासहून हाकून पाहिला. वसुलीच्या नव्या रीती लोकांना इतक्या जाचल्या की 1797 मध्ये उठाव झाला. शेवटी 1802 मध्ये ही किनारपट्टी थेट ब्रिटिश राजसत्तेखाली आली. 1798 पासून तिथे असलेला गव्हर्नर फ्रेडरिक नॉर्थ आता मद्रासचा बांधील राहिला नाही. त्याला बेटाशी स्वतःच्या नावाने बोलायचे होते, आणि त्यासाठी हा कागद निघाला.

या कागदाला तीन पूर्वज होते. पहिला, 1665 साली प्लेगच्या दिवसांत ऑक्सफर्डला सुरू झालेले आणि पुढे ‘लंडन गॅझेट’ म्हणून नावारूपाला आलेले सरकारी पत्र. मांडणी आणि भाषेची ठेवण तिथून आली. दुसरा, डचांचा छापखाना. तो 1737 मध्ये गव्हर्नर फान इमहॉफच्या काळात धर्मप्रसारासाठी उभा राहिला. गॅब्रिएल शाडे या माणसाने सिंहली खिळे ओतले आणि त्यांतून प्रार्थनापुस्तक छापले गेले. देवाचा शब्द छापायला जे यंत्र आणले, त्यावर पासष्ट वर्षांत राज्याचा शब्द छापला जाऊ लागला.

तिसरा पूर्वज सगळ्यांत जुना, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे नगारा. आतल्या डोंगरात तेव्हा स्वतंत्र असलेल्या कँडीच्या राजाची आज्ञा गावात नगारा वाजवून सांगत. सिंहलीत त्याला ‘अण बेर’ म्हणतात. आपली दवंडी ती हीच. डचांचे हुकूमही वाचून दाखवले जात आणि भिंतीवर डकवले जात. दवंडीला एक बंधन असते: ती कानावर पडावी लागते. गावात दवंडी झालीच नाही, असे चारचौघांनी सांगितले तर पाटलाला उत्तर द्यावे लागते. गॅझेटने हे बंधन काढून टाकले. सूचना छापून आली, तारीख पडली, म्हणजे ती सर्वांना कळली असे कायदा धरून चालतो. वाचता न येणाऱ्यालाही, इंग्रजी न जाणणाऱ्यालाही, कोलंबोपासून आठ दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्यालाही ती कळलेलीच असते. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावर जे जे घडले, त्यातले पुष्कळसे या एका गृहीतकावर उभे आहे.

सुरुवातीची तीस वर्षे बेटावर दुसरे वृत्तपत्रच नव्हते. त्यामुळे गॅझेटात जाहीरनाम्यांशेजारी जहाजांची ये-जा, लिलाव, जन्म-लग्न-मृत्यू हे सगळे येई. मन्नारच्या आखातात मोती काढायचा हंगाम कधी, किती होड्यांना परवानगी, याची सूचना निघे, आणि तमिळ किनाऱ्यावरून पाणबुडे येत. ताडी-अर्काच्या मक्त्याचे लिलाव जाहीर होत. 1832 मध्ये सरकारनेच ‘कोलंबो जर्नल’ काढले. ते दोन वर्षांत बंद झाले आणि 1834 मध्ये व्यापाऱ्यांचे ‘ऑब्झर्व्हर’ आले. बातम्या तिकडे गेल्या. गॅझेटात सूचना आणि नेमणुका उरल्या.

नेमणुकांचा साचा ठरलेला होता: गव्हर्नरसाहेब अमुक यांची अमुक पदावर नेमणूक करण्यास प्रसन्न झाले आहेत. न्यायाधीश, जिल्ह्याचा गव्हर्नमेंट एजंट, भूमापक, बंदरावरचा कारकून, सगळे त्याच वाक्यातून जात. पण या ओळींची खरी वाट पाहत ती स्थानिक घराणी. मुदलियार, मुहंदिराम, आरच्ची अशी देशी किताबांची उतरंड होती. तिच्या वरच्या पायऱ्या ओबेसेकेरे, डी सराम, डायस-बंडारनायके अशा एकमेकांत सोयरीक असलेल्या गोयिगम जातीच्या मोजक्या घराण्यांकडे राहिल्या. मासेमारी आणि दालचिनीच्या धंद्यातून वर आलेल्या करावा आणि सलागम जातींना पैसा मिळाला, तरी किताबासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. गॅझेटातल्या एका ओळीवरून कुणाची खुर्ची कुणापुढे हे ठरे. 1833 च्या कोलब्रुक-कॅमेरॉन सुधारणांनंतर कायदेमंडळ आले आणि सिंहली, तमिळ व बर्गर (युरोपीय वंशाच्या) समाजांतून एकेक सदस्य त्यात बसला. त्यांनाही लोकांनी निवडले नव्हते, गव्हर्नरने नेमले होते.

जमिनीच्या सूचनांकडे आल्यावर मात्र थांबावे लागते.

कँडीच्या डोंगरात शेतकरी जंगलाचा तुकडा तोडून, जाळून एक-दोन पिके घेत आणि मग तो तुकडा वर्षानुवर्षे मोकळा सोडत. त्याला हेन म्हणतात. इंग्रजांनी त्याचे चेना केले. सह्याद्रीतली कुमरी ती हीच शेती. अशी जमीन बाहेरच्याला पडीक दिसते. 1840 च्या 12 क्रमांकाच्या कायद्याने ठरवले की जंगल, पडीक आणि न कसलेली जमीन उलट सिद्ध होईपर्यंत सरकारची. डोंगरातल्या चेनांसाठी तर राजाची सनद किंवा कर भरल्याचा पुरावा दाखवावा लागे. ज्या गावात हक्क आठवणीत आणि वहिवाटीत राहिला, तिथे कागद आणायचा कुठून?

नेमक्या त्याच काळात कॉफीला भाव चढला होता. एकरी पाच शिलिंग ही किमान बोली लावून डोंगरच्या डोंगर विकले गेले. घेणाऱ्यांत खुद्द गव्हर्नर स्ट्युअर्ट मॅकेन्झी होते, वसाहतीचे सचिव अँस्ट्रुथर होते, न्यायाधीश आणि सनदी नोकरही होते. ज्यांच्या नेमणुका गॅझेटात यायच्या, त्यांनीच काढलेल्या विक्रीतून त्यांनीच जमिनी घ्याव्यात, हे मला या शतकातले सर्वांत उघडे पान वाटते. लंडनहून बंदी यायला 1840 च्या दशकाचा मध्य उजाडावा लागला.

जमिनीपाठोपाठ कर आले. 1848 मध्ये गव्हर्नर लॉर्ड टॉरिंग्टनच्या सरकारने बंदूक, कुत्रा, दुकान, गाडी यांवर कर जाहीर केले आणि रस्त्यासाठी सहा दिवस राबा किंवा पैसे भरा असा नियम आणला. जुलैमध्ये कँडीच्या कचेरीवर जमाव गेला. महिनाअखेरीला लष्करी कायदा पुकारला गेला, ऑगस्टमध्ये उठावाचा म्होरक्या पुरन अप्पू याला गोळ्या घातल्या. टॉरिंग्टनला पुढे माघारी बोलावले गेले.

1897 च्या पडीक जमीन कायद्याने तर सूचनेलाच कुऱ्हाड बनवले. अधिकाऱ्याने सूचना काढायची: या जमिनीवर कुणाचा हक्क असेल तर तीन महिन्यांत सांगावे. कुणी आले नाही, तर जमीन सरकारची. मौन म्हणजे संमती, आणि न वाचणे म्हणजे मौन. 1802 च्या गृहीतकाचे हे सर्वांत टोकदार रूप. त्या तीन महिन्यांत ज्यांच्या शिवारातली वहिवाट गेली, त्यांतल्या किती जणांच्या हाती तो कागद पडला असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तरीही या कागदाकडे फक्त हत्यार म्हणून पाहता येत नाही. तो तारीखवार टिकला, म्हणून आज हे सगळे दाखवता येते. हक्काला जसा पुरावा लागतो, तसा अन्यायालाही लागतो, आणि इथे तो सरकारने स्वतःच छापून ठेवला. त्यातलेच एक प्रकरण केप्पेटिपोलाचे आहे.

2 मार्च 1815 च्या तहाने कँडीचे राज्य इंग्रजांकडे गेले. सरदारांची पदे कायम राहतील असे वचन होते. केप्पेटिपोला हा ऊवा प्रांताचा दिसावा, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातला पदाधिकारी. 1817 मध्ये ऊवा-वेल्लस्सात उठाव झाला, तेव्हा तो मोडायला त्यालाच पाठवले. तो उठाववाल्यांना मिळाला, आणि मिळण्यापूर्वी सरकारी बंदुका परत पाठवून दिल्या. 10 जानेवारी 1818 ला गव्हर्नर ब्राउनरिगने गॅझेटात जाहीरनामा काढून 19 जणांना राजद्रोही ठरवले आणि त्यांच्या जमिनी जप्त केल्या. नोव्हेंबरमध्ये केप्पेटिपोलाचा शिरच्छेद झाला. कवटी एडिनबरोला नेली गेली आणि स्वातंत्र्यानंतर कँडीत परत आली. शिरच्छेदाच्या त्याच महिन्यात, 21 नोव्हेंबरला, नव्या जाहीरनाम्याने सरदारांचे अधिकार छाटले.

1948 मध्ये देश स्वतंत्र झाला, 1972 मध्ये प्रजासत्ताक झाला. शाळेच्या पुस्तकांत केप्पेटिपोला वीर होता, त्याचा पुतळा उभा होता. तरी 1818 चा तो जाहीरनामा कुणी रद्द केलेला नव्हता. डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी सही करून तो रद्द केला आणि त्या 19 जणांना राष्ट्रवीर म्हणून घोषित केले. पुढच्या वर्षी त्याच उठावातल्या आणखी 81 जणांची नावे द्रोह्यांच्या यादीतून काढली गेली.