शाळेची परसबाग आणि तिचें खरें पीक

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देवमंदिराची पायाभरणी केव्हां झाली, घंटा कोणीं अर्पण केली, शाळेची इमारत कोणत्या वर्षीं उभी राहिली, ह्या गोष्टींची नोंद आपण मोठ्या आस्थेनें करितों. आणि तें योग्यच आहे. परंतु शाळेच्या मागील अंगास जी चार वाफ्यांची जमीन असते, जींत मुलें आपल्या हातांनीं मुळा व मेथी पेरितात आणि उपटितात, तिची नोंद सहसा कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. ह्या लहानशा जमिनीलाहि इतिहास आहे. तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, व त्यापासून आपणांस काय घेतां येईल तें पाहावें, असा आमचा हेतु आहे.

पुस्तकाबरोबर मातीहि शिकवावी हा विचार आजकालचा नव्हे. सहाव्या शतकांत संत बेनेदिक्तानें आपल्या मठवासीयांकरितां जी नियमावली लिहिली, तींत पाणी, चक्की व बाग हीं मठाच्या आवारांतच असावींत असें सांगितलें आहे. जेथें प्रार्थना व अध्ययन, तेथेंच हातांचें कामहि, असा त्यांतील भाव. सतराव्या शतकांत मोराव्हियाचा शिक्षणवेत्ता कोमेनियस ह्यानें प्रत्येक शाळेलगत बाग असावी, आणि तेथील झाडें व फुलें पाहून मुलांचे डोळे निवावेत, असें प्रतिपादन केलें. तथापि कोमेनियसची बाग मुख्यतः पाहण्याची होती. मुलाच्या हातीं खुरपें देणारा गुरु पुढें जर्मनींत झाला. फ्रेडरिक फ्रोबेल ह्यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग गांवीं लहान मुलांची संस्था काढिली, व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. आपल्या ‘बालवाडी’ ह्या शब्दांतहि वाडी आहेच. फ्रोबेलच्या बागेंत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा असे, आणि सर्वांचे मिळून सामाईक वाफेहि असत. स्वतःच्या वाफ्यांत मुलाला आपली चूक व आपलें यश ओळखतां येई. सामाईक वाफ्यांत तें दुसऱ्यासाठीं राबण्यास शिके.

लवकरच सरकारांनींहि ह्या गोष्टीकडे लक्ष दिलें. ऑस्ट्रियाच्या १८६९ सालच्या शाळाविषयक कायद्यांत खेड्यांतील शाळेस बाग व शेतीच्या प्रयोगासाठीं जागा असावी अशी तरतूद झाली. अमेरिकेंत बोस्टन शहराच्या रॉक्सबरी भागांतील एका शाळेचे मुख्य गुरुजी हेन्री क्लॅप हे युरोपांतील शाळांच्या बागा पाहून आले, आणि १८९१ सालीं त्यांनीं आपल्या शाळेंत बाग सुरू केली. तेथें आरंभीं रानफुलें होतीं, भाजीपाला मागाहून आला. परंतु ह्या चळवळीचें मर्म ओळखिलें तें न्यूयॉर्क शहरांतील फॅनी पार्सन्स ह्या बाईंनीं. १९०२ सालीं हडसन नदीजवळच्या गरीब वस्तींतील एका उद्यानांत, दगडधोंडे व केरकचरा ह्यांनीं भरलेली जमीन मोकळी करवून, त्यांनीं मुलांची शेती सुरू केली. प्रत्येक मुलाला एक लहान वाफा मिळे, व त्यांत मुळा, बीट, गाजर अशी भाजी तें लावी. आपला उद्देश चार भाज्या व फुलें काढणें एवढाच नाहीं, असें बाईंचें स्पष्ट म्हणणें होतें. प्रामाणिकपणा, न्यायबुद्धि, काटकसर, सार्वजनिक मालमत्तेची काळजी व श्रमाची प्रतिष्ठा हे गुण मुलांच्या अंगीं बाणावे, ह्यासाठीं ती बाग होती. शेजारच्या वाफ्यांतला मुळा आपल्याहून मोठा झालेला दिसत असतां त्याला हात न लावणें, हा धडा फळ्यावर लिहून शिकवितां येत नाहीं.

ह्यानंतर परसबागेच्या इतिहासांत एक विलक्षण प्रकरण येतें. पहिल्या महायुद्धांत अन्नाची टंचाई भासूं लागली, तेव्हां अध्यक्ष विल्सन ह्यांनीं संरक्षणनिधींतून पैसा दिला, आणि अमेरिकेच्या शिक्षणखात्यानें शाळकरी मुलांची एक बागसेनाच उभारिली. मुलांना बिल्ले मिळाले. शिपाई, लेफ्टनंट, कॅप्टन असे हुद्दे मिळाले. १९१८ सालीं सुमारें पंधरा लक्ष मुलांनीं ह्या सेनेंत नांवें नोंदविलीं, आणि ओसाड पडलेली सुमारें वीस हजार एकर जमीन लागवडीखालीं आली, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. इतक्या लहान हातांनीं एवढें काम केलें, हें कौतुकास्पद खरेंच. परंतु पुढें काय झालें? नोव्हेंबर १९१८ मध्यें युद्ध थांबलें, १९१९ सालीं सरकारी पैसा बंद झाला, आणि ती सेनाहि विसर्जित झाली. ज्या गरजेनें बागा उभ्या राहिल्या, ती गरज सरतांच त्यांतील पुष्कळशा ओस पडल्या. केवळ भाजीसाठीं बाग केली, तर बाजारांत भाजी मिळूं लागली कीं बागेचें काम संपतें. मुलासाठीं बाग केली, तर प्रत्येक वर्षीं नवें मूल शाळेंत येतें, आणि बागेचें काम कधींच संपत नाहीं. एवढाच बोध आम्हांस ह्या सर्व इतिहासांतून घ्यावयाचा आहे.

हें तत्त्व ज्यांनीं उत्तम रीतीनें मांडिलें, त्यांत मारिया माँटेसरी बाईंचें नांव अग्रभागीं येतें. १९०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं मुलांच्या बागकामाला एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. आपण पाणी घातलें नाहीं तर रोप सुकेल, हें मुलाला कोणीं बजावावें लागत नाहीं, तें रोपच त्याला सांगतें. आणि पेरणीपासून फळापर्यंतच्या काळांत जो धीर धरावा लागतो, तो श्रद्धेचाच एक प्रकार आहे, असें त्यांचें मत होतें. पुढें स्पेनमधील बार्सिलोना शहरीं त्यांच्या शाळेंतील मुलांनीं गहूं व द्राक्षवेली लावून, पवित्र मिस्सेच्या भाकरीसाठीं व द्राक्षारसासाठीं आपल्या हातचें पीक दिलें. वेदीवर येणारी भाकर कोठून येते, हें त्या मुलांना कोणत्या प्रश्नोत्तरावलींत शोधावें लागलें नसेल. ह्याच माँटेसरी बाई १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या व महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या.

तेव्हां आपल्या देशांतहि हाच प्रश्न ऐरणीवर होता. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, व डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीनें मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार केली. ज्या उद्योगांभोंवतीं शिक्षण गुंफावें असें ठरलें, त्यांत सूतकताईबरोबर शेती आणि फळभाज्यांची बागहि होती. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च भागावा अशी गांधींची अपेक्षा, तर मुलांच्या श्रमावर शाळा चालविणें बरें नव्हे असा टीकाकारांचा आक्षेप. आमच्या मतें दोन्ही पक्षांत तथ्य होतें. श्रम निरुपयोगी असला तर मूल त्याला खेळ समजून सोडून देतें. श्रम केवळ पैशासाठीं असला तर मूल मजूर होतें. खुद्द समितीनेंच आपल्या अहवालांत इशारा दिला होता कीं, पैशाच्या बाजूवर भर देतां देतां शिक्षणाचा हेतु बळी पडण्याचा धोका आहे. बागसेनेचा अनुभव त्याच इशाऱ्याला दुजोरा देतो.

आतां आपल्या कोंकणपट्टीकडे वळूं. थंड देशांतील शाळांपुढें एक मोठी अडचण असते. तेथें भाजी भरांत येते ती उन्हाळ्यांत, आणि नेमकी तेव्हांच शाळेला दीर्घ सुटी असते. पेरणारें मूल तोडणीला हजर नसतें. आपल्याकडे देवानें गणित जुळवून दिलें आहे. जून महिन्यांत शाळा उघडते आणि पाऊसहि उतरतो. तेव्हां भेंडी, काकडी, दोडका व पडवळ लावावे. वेलांना मांडव द्यावा. पाणी तुंबूं नये म्हणून वाफे उंच ठेवावे. पाऊस ओसरल्यावर मुळा, मेथी, पालक व वांगीं ह्यांची पाळी येते. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापते, तेव्हां मुलेंहि सुटीवर असतात.

लहान वर्गांना प्रथम मेथी द्यावी, कारण ती महिन्याभरांत हातीं येते व मुलाचा धीर सुटत नाहीं. पहिल्या आठवड्यांत एखादें मूल बीं रुजलें कीं नाहीं हें पाहण्यास माती उकरून पाहतेंच. त्याला रागावूं नये, त्या बियाचें जें होतें तेंच त्याला पुरेसें शिकवितें. मोठ्या वर्गांना भेंडी व वांगीं द्यावीं. वांग्याचें रोप आधीं गादीवाफ्यांत वाढवून मग लावावें लागतें. त्याला दोन महिन्यांहून अधिक धीर लागतो. भेंडी मात्र एक दिवसाआड तोडावी लागते, नाहींतर ती जून होऊन फुकट जाते. येथें मूल शिकतें कीं, पिकाला आपली सवड कळत नाहीं. आपणांसच पिकाची वेळ पाळावी लागते. आणि ज्या मुलानें कारलें स्वतः लावून तोडिलें, तें निदान एक घांस तरी कुरकुर न करितां खातें, हा अनुभव पुष्कळांना असेल.

कोणी म्हणेल, आमचे बापजादे वाडीवालेच होते. आम्हांस शाळेंत भाजी कशाला शिकवावी? हा प्रश्न एके काळीं शोभला असता. वसईच्या पट्ट्यांत बावखलें भरलेलीं होतीं, रहाट फिरत होते, आणि पहाटे भाजीच्या पाट्या मुंबईच्या बाजाराकडे निघत होत्या, तेव्हां मुलाला वाफा घरींच दिसत होता. आज पुष्कळ वाड्यांच्या जागीं इमारती आहेत, कित्येक बावखलें बुजलीं आहेत, आणि वाडीवाल्याच्या नातवाला मेथीची व शेपूची जुडी ओळखूं येईलच असें नाहीं. आजोबांची विद्या घरांतून मुलाकडे जाण्याची वाट अशी अरुंद होत चालली आहे. शाळेची परसबाग ही ती वाट मोकळी ठेवण्याची एक जागा आहे. मध्यान्ह भोजनाच्या योजनेखालीं शाळांनीं परसबागा कराव्या, असें केंद्र सरकारनेंहि २०१९ सालीं सुचविलें आहे. तें स्वागतार्हच, परंतु आज्ञापत्रानें बाग सुरू होते, टिकते मात्र कोणाच्या तरी प्रेमानें.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. ज्या शाळेला वीतभर जमीन आहे, तिनें चार वाफे आंखावे. आणि आपल्या धर्मग्रामांतील ज्या वृद्धांच्या हातांनीं आयुष्यभर माती ओळखिली, त्यांस आठवड्यांतून एक दिवस मुलांजवळ बोलवावें. पहिली जुडी घरीं न नेतां गांवांतील एखाद्या आजाऱ्याच्या दारीं पोंचवावी. पुढील महोत्सवाच्या वेळीं स्मरणिकेंत इमारतींची यादी वाढलेली असेल वा नसेल. परंतु त्या वेळीं कोणी एखाद्या प्रौढ माणसास विचारिलें कीं, बाबा रे, शाळेनें तुला काय दिलें, आणि त्यानें आपल्या हाताकडे पाहून ‘वाट पाहणें’ एवढेंच उत्तर दिलें, तर त्या चार वाफ्यांचें पीक पदरांत पडलें असें आम्ही समजूं.