‘ट’वर अडलेली भेंडी

गावांच्या नावांच्या भेंड्यांत समोरच्याने ‘किनवट’ म्हटले की भलेभले अडतात. शेवटचे अक्षर ‘ट’, आणि नांदेड-लातूरच्या २६ तालुक्यांत ‘ट’ने सुरू होणारा एकही नाही. मग टाकळी, टेंभुर्णी अशी गावे आठवायची. तीही संपली की भेंडी चढली. स्क्रॅबल खेळणारी मुले क्यू किंवा झेड असलेले इंग्रजी शब्द याद्यांतून हुडकत असतात. हवे ते अक्षर असलेला शब्द हुडकण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

वात्स्यायनाने कामसूत्रात दिलेल्या ६४ कलांत ‘प्रतिमाला’ ही एक कला आहे. एकाने श्लोक म्हणायचा आणि त्याच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा श्लोक दुसऱ्याने म्हणायचा, असा तिचा अर्थ टीकाकार लावतात. हीच आपली अंत्याक्षरी. या घराण्याची दुसरी शाखा अक्षर टाळण्याची. सातव्या शतकाच्या सुमारास झालेल्या दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दातांनी दुखावलेले असतात, म्हणून तो आपली सारी हकिगत ओठांना ओठ न लावता सांगतो. प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात येतच नाहीत.

मराठीत ही विद्या पराकोटीला नेली ती बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४). त्यांनी १०८ रामायणे लिहिली असे परंपरा सांगते, आणि त्यांतल्या कित्येकांना अक्षरांची अट आहे. ‘मंत्ररामायणा’त त्यांनी रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे गुंफली. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य केली. म्हणजे रामायण सांगायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही! लक्ष्मण, भरत, हनुमान, बिभीषण ही नावेही बाद. ‘दाशरथी’, ‘जानकी’ असे शब्द शोधतच कथा पुढे न्यायची. शब्दांचा केवढा साठा जिभेवर असेल तेव्हा हे साधते!

हा साठा पाठांतराने होतो, आणि घरोघरच्या भेंड्या त्यावरच उभ्या राहिल्या. आधी श्लोक आणि आर्या, मग कविता, मग सिनेमाची गाणी. १९९३ साली दूरचित्रवाणीवर ‘अंताक्षरी’ सुरू झाली आणि गाण्यांचा खेळ देशभर गेला. गावांच्या भेंड्या मात्र वर्गात, सहलीत, एसटीच्या प्रवासात मुलांनीच जिवंत ठेवल्या. त्यांचे नियमही मुलांनीच ठरवले. काना-मात्रा धरायची नाही. ‘ण’ आला तर ‘न’ घ्यायचा, ‘ळ’ आला तर ‘ल’, कारण पाणी, बाण, फळ, काळ असे ते शब्दाच्या पोटात किंवा शेवटी येतात, आरंभी येत नाहीत.

या खेळात नांदेड जिल्हा मोठा कठीण आहे. त्याच्या १६ तालुक्यांपैकी माहूर, देगलूर, अर्धापूर, भोकर, कंधार, हिमायतनगर आणि उमरी हे सात ‘र’वर संपतात, ‘र’ने सुरू होणारा एकही नाही. नांदेड, मुखेड, मुदखेड ‘ड’वर येऊन थांबतात, ‘ड’नेही कोणी सुरू होत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात ‘र’ने सुरू होणारा एकच तालुका आहे, रेणापूर, आणि तोही ‘र’वरच संपतो. मुरलेला खेळाडू म्हणूनच रेणापूर शेवटपर्यंत राखून ठेवतो: समोरच्याचा ‘र’ त्यालाच परत करता येतो. किनवटच्या मुलांना पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हाही कामी येतो. ‘र’ला राळेगाव, ‘व’ला वणी.

अमेरिकेत अल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३० च्या दशकातल्या मंदीत वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजली आणि त्यातून स्क्रॅबल घडवले. त्या खेळाच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत आणि क्यू एकच, म्हणून क्यूला १० गुण. कोणते अक्षर मुबलक, कोणते दुर्मिळ, ही मोजणी भेंड्या खेळणारे मूल मनातल्या मनात करत असते. फरक साठ्याचा आहे. स्क्रॅबलची यादी छापील मिळते. भेंड्यांची यादी ज्याची त्याने नकाशा, प्रवास आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यातून जमवायची असते.

मुलांनी इंग्रजी शब्दखेळ जरूर खेळावेत. त्याने त्यांची इंग्रजी पक्की होईल. पण शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावा, तो नीट पाहू द्या, मग गुंडाळून ठेवा आणि गावांच्या भेंड्या सुरू करा. आपल्या मुलुखाची नावे मुलांच्या तोंडी बसवण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.