लाडबोरीची रिंग आणि डोंबिवलीचे क्षितिज

शके १९४४, शुभकृत् संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. इंग्रजी तारीख २ एप्रिल २०२२, वार शनिवार. तिथीपासून सुरुवात करण्याला कारण आहे. त्या संध्याकाळी आकाशात काय दिसले हे तपासायचे तर चंद्र कुठे होता ते आधी ठरवावे लागते, आणि ते तिथी सांगते. आदल्या दिवशी अमावास्या होती. प्रतिपदेची कोर सूर्यापाठोपाठ मावळते. म्हणजे ते दृश्य दिसले तेव्हा, पावणेआठच्या सुमारास, खानदेशापासून झाडीपट्टीपर्यंत आकाशात चांदणे असे नव्हतेच. पाहणाऱ्याला यापेक्षा चांगली संध्याकाळ मागून मिळाली नसती.

डोंबिवलीत तो दिवस वेगळ्याच कारणाने लक्षात राहिला. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली याच गावात, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली. करोनाचे निर्बंध राज्य सरकारने त्या पाडव्यापासून उठवले होते. दोन वर्षांनी लोक मोकळेपणाने रस्त्यावर आले होते. संध्याकाळी मात्र ज्याच्या त्याच्या फोनवर एकच दृश्य फिरू लागले : काळ्या आकाशात एका रांगेत सरकत जाणारे पिवळट-तांबडे ठिपके, प्रत्येकामागे लांब शेपूट. कोणी उल्का म्हणाले, कोणी क्षेपणास्त्र, कोणी जळते विमान, कोणी उडती तबकडी. ती तबकडीच होती असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. म्हणून हे प्रकरण कागद मांडून पुन्हा पाहावेसे वाटले.

पहिला पुरावा डोळ्यांचा. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव आणि मध्य प्रदेशातील झाबुआ, बडवानी या भागांतून लोकांनी हा उजेड पाहिल्याचे त्या रात्रीच्या व दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत आहे. एकमेकांना न ओळखणारे, शेकडो किलोमीटर दूर असलेले लोक एकाच वेळी एकच गोष्ट सांगतात, तेव्हा काहीतरी खरोखर घडले एवढे निश्चित होते. काय घडले, हे मात्र त्यातून ठरत नाही. सरावलेले डोळेसुद्धा फसतात. लडाखच्या सीमेवर ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात आपल्या लष्कराने एका सरोवरावर अज्ञात उडत्या वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ नोंदी ‘हद्दीत घुसखोरी’ अशा होत्या. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा त्या वस्तू गुरू आणि शुक्र निघाल्या. जवान खोटे बोलत नव्हते. त्यांनी पाहिले ते खरे होते आणि नोंदही प्रामाणिक होती. चुकला होता फक्त अर्थ. त्यामुळे साक्षीदाराने काय पाहिले आणि त्याला ते काय वाटले, ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात.

पाडव्याच्या चित्रफितींतून पहिल्या खात्यात जमा होते ती मुख्य गोष्ट म्हणजे वेग. ठिपके सावकाश चालले होते. उल्का पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुतेक वेळा याहून कितीतरी वेगाने. तिचा खेळ दोन-चार सेकंदांत संपतो. वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रीच्या आकाशदर्शनाला गेलेल्यांना हे ठाऊक आहे : शेजाऱ्याला ‘तो बघ’ म्हणेपर्यंत उल्का विझलेली असते. पृथ्वीभोवती फिरून खाली आलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या घरात असतो, आणि ती अगदी तिरकी, जवळजवळ जमिनीला समांतर उतरते. बडवानी ते सिंदेवाही हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५३० किलोमीटर आहे. या वेगाने ते कापायला एक मिनिट आणि आठ-नऊ सेकंद लागतील. फोन खिशातून काढून, कॅमेरा उघडून, घरच्यांना हाक मारून चित्रण करायला एवढा वेळ पुरतो. इतक्या लोकांना इतके चांगले चित्रण करता आले, हीच उल्केच्या विरुद्धची साक्ष आहे.

एवढ्यावर प्रकरण ‘बहुधा मानवनिर्मित’ इथपर्यंत येते. पुढचा पुरावा आकाशातून खाली पडला.

चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी नावाचे गाव आहे. त्या संध्याकाळी गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालू होती. तेवढ्यात तांबडे काहीतरी वरून आले आणि मोठा आवाज होऊन मोकळ्या जागेत पडले. कोणालाही इजा झाली नाही. जवळ जाऊन पाहिले तर ती धातूची भलीमोठी रिंग होती, बैलगाडीच्या चाकाची धाव असते तशी, पण त्याहून पुष्कळ मोठी. वजन ४० किलोंच्या वर. पुढच्या दिवसांत त्याच तालुक्यात पवनपार आणि आणखी काही ठिकाणी धातूचे गोळे सापडले, दीड-दोन फूट व्यासाचे. रिंग सिंदेवाही पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आली. नंतर इस्रोचे पथक येऊन पाहणी करून गेले.

आता दोन तर्क समोर होते, आणि दोन्ही त्याच रात्री पुढे आले.

पहिला तर्क असा. न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून त्याच दिवशी, आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी, ‘इलेक्ट्रॉन’ नावाचे रॉकेट उडाले होते. ते उड्डाण आणि हा उजेड यांत जेमतेम दीड तासाचे अंतर, आणि पृथ्वीभोवतीच्या एका फेरीला लागणारा वेळही साधारण तेवढाच. जाणत्या लोकांनाही हे जुळणारे वाटले, त्यात नवल नाही. दुसरा तर्क जोनाथन मॅकडॉवेल या अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञाचा. अवकाशात सोडलेल्या प्रत्येक वस्तूची वही ते अनेक वर्षे ठेवत आले आहेत. त्यांच्या मते हा ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा होता, अनुक्रमांक वाय ७७, उड्डाण फेब्रुवारी २०२१ मधले. हा टप्पा साधारण त्याच तासाभरात खाली येईल असा अंदाज होता, आणि मार्गही जुळत होता.

दुसऱ्या तर्काचे खरे वजन कशात आहे, ते नीट पाहिले पाहिजे. अंदाज घटनेच्या आधी झालेला होता, आणि तो करणाऱ्यांना लाडबोरी कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुरावा म्हणून अशी नोंद मोलाची. तरी तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. एका तासात असा टप्पा २७ हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करतो, म्हणजे पृथ्वीच्या प्रदक्षिणेचा मोठा भाग. तासाभराची अनिश्चितता असलेला अंदाज कुठल्या तरी समुद्रालाही तेवढाच लागू पडला असता.

म्हणून रिंगकडे परत यावे लागते. तिच्या व्यासाबद्दल बातम्यांचे एकमत नाही. कुठे आठ फूट, कुठे दहा फूट, कुठे दोन ते तीन मीटर. अशा वेळी आपल्या तर्काला सर्वांत गैरसोयीचा आकडा घेऊन पाहावा. दोन मीटर धरू. इलेक्ट्रॉन रॉकेटचा व्यास १.२ मीटर आहे, आणि त्याची कुडी कार्बनच्या संमिश्र धाग्यांची आहे. सव्वा मीटरच्या नळकांड्यात दोन मीटरची धातूची रिंग मावत नाही. पहिला तर्क इथे संपतो, आणि तो एका साध्या मोजपट्टीने संपतो. हे ध्यानात आले तेव्हा मी हातातला कागद खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

चांग झेंग ३ बीच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर आहे. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. रिंग दहा फुटी असेल तर ती टप्प्याच्या कडेची असणार. आठ फुटी असेल तर ती आतला एखादा भाग मानावी लागेल. हे निश्चित नाही, तर्क आहे. गोळ्यांचे कोडे सोपे आहे. द्रवरूप इंधनाच्या रॉकेटांत टाक्यांतला दाब राखायला हीलियमसारखा वायू गोल बाटल्यांत भरून ठेवतात. त्यांना टायटॅनियमसारखा धातू वापरतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, टायटॅनियम १६६८ अंशांना. टाकीचा पत्रा वर जळून जातो आणि बाटल्या खाली येतात. त्याच वर्षी १२ मे रोजी गुजरातेत आणंद जिल्ह्यातील भालेज, खंभोळज आणि रामपुरा इथे असेच गोळे पडले, तेव्हाही संशय चांग झेंग ३ बीवरच होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये चांग झेंग ३ बीचे एकच उड्डाण झाले. ४ तारखेला, चीनच्या शीचांग तळावरून, एक दळणवळण चाचणी उपग्रह घेऊन. उपग्रह वर निघून गेला. रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहिला, दर फेरीत पृथ्वीजवळ येताना विरळ हवेला घासत, थोडा थोडा वेग गमावत. तो ४२२ दिवस टिकला.

आता मला करून पाहावीशी वाटलेली एक पडताळणी. शीचांग साधारण २८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून सरळ पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटची कक्षा विषुववृत्ताशी तेवढाच कोन करते. अशी कक्षा २१ अंश अक्षांशावरून जाते तेव्हा ती पूर्व-पश्चिम रेषेशी किती तिरकी असेल, हे त्रिकोणमितीने काढता येते. पृथ्वीचे फिरणे जमेस धरून उत्तर येते सुमारे २० अंश. मग नकाशावर बडवानी आणि सिंदेवाही जोडले आणि कोनमापक लावला. रेषा पूर्वेकडून दक्षिणेला झुकलेली, २१ अंशांनी.

आनंद झाला, पण त्यावर लगेच लगाम घालणे भाग आहे. सिंदेवाहीत वस्तू पडली, तो बिंदू पक्का. बडवानीतून ती दिसली इतकेच आपल्याकडे आहे. ती बडवानीच्या डोक्यावर होती असे कोणी सांगितलेले नाही. झाबुआ धरून रेषा काढली तर कोन २८ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा हा आकडा ‘विसंगत नाही’ या रकान्यात टाकावा, ‘सिद्ध’ या रकान्यात नको. दिशा वायव्येकडून आग्नेयेकडे होती आणि तिरकेपणा कमी होता, एवढेच त्यातून हाती लागते.

मग डोंबिवलीचे काय? पाडव्याच्या बातम्यांतली गावे विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशातली आहेत. पण ८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू, वाटेत काही आड आले नाही, तर हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या वर असते. बडवानीच्या आकाशातला उजेड डोंबिवलीपासून सुमारे ३६५ किलोमीटर दूर. पृथ्वीची गोलाई वजा करता तो इथल्या क्षितिजावर साधारण ११ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे एका मुठीहून थोडा वर, दिशा उत्तर आणि ईशान्य यांच्या मधली. तिथून तो उजवीकडे आणि खाली सरकत जाणार. चंद्रपूरवर पोचेतो अंतर ७०० किलोमीटर, उंची साडेतीन अंशांहून कमी, दिशा जवळजवळ पूर्व.

साडेतीन अंश म्हणजे किती, हे इथल्या माणसाला सांगायला एक सोपे माप आहे. डोंबिवलीतून मलंगगडाचा माथा सुमारे तीन अंश वर दिसतो. आग्नेयेला मलंगगड जेवढा उंच, जवळपास तेवढ्याच उंचीवर पूर्वेला, मुरबाडच्या दिशेने, तो उजेड विझला असता. इतक्या खाली धूळ, धुरके आणि शहरांचा झगझगाट फार. शिवाय मुंबई विमानतळावर उतरणारी विमाने बहुतेक काळ पूर्वेकडूनच येतात. त्यांचे पुढचे दिवे आपल्या दिशेने असले की मिनिट-मिनिट एका जागी थांबल्यासारखे दिसतात. पूर्वेच्या आकाशात सरकणारा दिवा ही आपल्याकडे रोजची गोष्ट. तो पाहून कोणी मान वर करत नाही. त्यामुळे पाडव्याला पावणेआठला उत्तर-ईशान्येला एक तांबूस रांग कोणी खरोखर पाहिली असेल, तर त्याने ती विमान म्हणून सोडून दिली असण्याचा संभव मोठा आहे. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

तो पुरावा अजूनही मिळू शकतो. चित्रफितीची वेळ फोन स्वतः लिहून ठेवतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली, टिटवाळा इथल्या कोणाच्या फोनमध्ये २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी ७:४० ते ७:५५ दरम्यान गच्चीवरून घेतलेले काही असेल, मागे एखाद्या इमारतीची कडा किंवा डोंगराची रेघ असेल, तर त्यावरून उजेडाची दिशा आणि उंची अंशाच्या आत काढता येईल. मग बडवानीचा बिंदू सोडून देऊन मार्गाची रेषा दोन पक्क्या ठिकाणांवरून आखता येईल, आणि तो २० अंशांचा कोन खरा की योगायोग, हेही कळेल.

गेल्या आठवड्यात मी पावणेआठला डोंबिवली पश्चिमेच्या एका गच्चीवर गेलो. दुर्गाडी किल्ल्याच्या किंचित डावीकडे तोंड केले आणि हात लांब करून मूठ धरली. मुठीच्या खाली खाडीपलीकडचे भिवंडीकडचे दिवे होते. मुठीच्या वर आकाश मोकळे होते. वाटेत काही आड येत नव्हते.