उलटी बाटली

1894. तुम्ही जालन्यात आहात, कुंडलिकेच्या काठी. मुलूख निजामाचा. वैद्याच्या ओट्यावर खल चालू आहे: जायफळ, सुंठ, मिरी आणि त्यांच्यासोबत शुद्ध केलेली भांग. जातिफलादी चूर्ण. जुलाबाने हैराण पोराची आई पुडी कनवटीला लावून निघते. तिच्या पुडीत काही वावगं आहे असं तिच्याच काय, कोतवालाच्याही मनात येत नाही. याच साली इंग्रजांच्या आयोगाने 1193 साक्षी तपासून कौल दिलाय: बेताने घेतली तर भांग-गांजाने फारसा अपाय नाही, सरसकट बंदी नको. प्रश्न उठला लंडनच्या संसदेत. पुडीवाल्या बाईला त्याचा पत्ता नाही.

आता 14 नोव्हेंबर 1985. जालना जिल्हा होऊन जेमतेम साडेचार वर्षं झालीत. 1964 साली इथे सुरू झालेल्या महिकोने बियाण्याच्या धंद्यात गावाचं नाव केलंय. आजपासून अमली पदार्थांचा नवा कायदा लागू. गांजा बंद, चरस बंद. कायदा नीट वाचा, कारण तो फारसा कुणी वाचत नाही: नुसतं पान आणि बी त्यात गांजा धरलेलं नाही, औषधासाठी आणि संशोधनासाठी दारही ठेवलंय. पण दहा वर्षांच्या कैदेची भीती अशी बसली, की त्या दारात कुणी जाईना. गांजाचं सोडा, मॉर्फिनसुद्धा बहुतेक दवाखान्यांतून दिसेनासं झालं. ती गाठ सैल व्हायला 2014ची दुरुस्ती यावी लागली.

सहा वर्षं पुढे, समुद्रापार. नोव्हेंबर 1991, सॅन फ्रान्सिस्को. एड्सने शहराचे वॉर्ड भरलेत. मतपत्रिकेवर एक ठराव आहे: रुग्णांना गांजा औषध म्हणून मिळावा. सुमारे 80 टक्के लोक हो म्हणतात. ठराव कुणावर बंधनकारक नाही, नुसती शिफारस. पण पाचच वर्षांनी सगळ्या कॅलिफोर्नियाने मतदान करून कायदाच केला. सुरुवात एका शहराने केली होती.

असं मतदान आपल्याकडे होत नाही, असं म्हणणार असाल तर चला जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात, 2010. गाव मनातलं, नियम खरे. शाळेत बायांचं मतदान आहे. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. गावातल्या पाव बायांनी सह्या दिल्या, त्या तपासल्या गेल्या, तेव्हा कुठे हा दिवस उगवला. खरी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, मेलेली पण यादीतून न निघालेली, या सगळ्यांचं वजन आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. असा हिशेब मांडणाऱ्याला मला एकदा या रांगेत उभं करायचंय.

रांगेतल्या म्हातारीला तुम्ही हळूच विचारता, "मावशी, औषधाच्या गांजासाठी असंच मतदान लागलं तर?"

"कामून लेकरा? नवऱ्यानं वावर दारूत घातलं. आता नातवानं गांजात घालावं का?"

तिचं खोटं नाही. तुम्ही समजावू लागता: केमोनंतरच्या ओकाऱ्या, काही पोरांच्या फिट्स, आखडलेले हातपाय, एवढ्यापुरतंच. कॅन्सर त्याने बरा होत नाही. होतो म्हणेल तो ठग.

ती पदराने तोंड पुसते. "मही जाऊ कॅन्सरनं गेली. शेवटाला पाण्याचा घोट पोटात ठरंना. डाक्टरनं काही दिलं असतं, तर म्या काय नाही म्हनले असते? पर दुकान नको. दवाखान्यातच, चिठ्ठीवर. अन् उरलं तं माघारी घ्यायचं."

औषधी गांजावर मी बऱ्याच विद्वानांना ऐकलंय. इतकं मुद्द्याचं कुणी बोललं नाही. तो मिळावा या मागणीच्या बाजूचा मी आहे, पण मावशीच्या अटींसकट.

वाटेत क्षणभर व्हिएन्ना, 2 डिसेंबर 2020. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं का यावर मतदान. बाजूने 27, विरोधात 25. त्या 27 मध्ये भारत आहे. तिथे हात वर केला. मंठ्यात कुणी विचारलं नाही.

म्हणून शेवटचा मुक्काम अजून न आलेल्या दिवशी. 1 मे 2031, जिल्ह्याला पन्नास वर्षं, त्याच गावात ग्रामसभा. 1985च्या कायद्याचं दहावं कलम लागवडीचे नियम करायचा अधिकार राज्याला देतं. तेव्हा औषधी गांजाचा ठराव मुंबईला जाणार. मावशीची सून अटी वाचते. मोसंबीवाला उठतो, "हमीभाव काय?" ग्रामसेवक म्हणतो, "पीक नाही बापू, औषध आहे. तुमच्या वावरात नाही लागणार." तो खट्टू होऊन बसतो. गुरुजींना नववी-दहावीच्या पोरांची काळजी. त्यावर अर्धा तास जातो, आणि जायलाच हवा.

हात वर करायला बाया लाजतात, म्हणून चिठ्ठ्या ठरतात. आता चित्र कोणतं? गांजाचं पान काढलं तर जाहिरात वाटेल, असं सरपंचबाईंचं म्हणणं.

"उभी झाली, आडवी झाली," मागून एक बाई म्हणते, "आता सलाइनसारखी उलटी काढा."